मरणाची भीती मोजायच्या पट्ट्या: कोणती घ्यावी, कोणती कपाटात ठेवावी

पंधरा विधानं, प्रत्येकापुढे 'बरोबर' किंवा 'चूक', पाच मिनिटांत काम संपतं. डोनाल्ड टेम्पलर यांची १९७० ची मृत्युचिंता श्रेणी एवढीच आहे. श्रद्धा आणि मरणाची भीती यांचं नातं शोधणाऱ्या अभ्यासांत तिचा वापर आजही सर्रास होतो, कारण ती छोटी आहे, सहज मिळते आणि पुष्कळ भाषांत जाऊन आलेली आहे. प्रश्न एवढाच, की वेगवेगळ्या धर्मांच्या माणसांना एका पट्टीने मोजायचं असेल तर ही पट्टी पुरते का? थोडक्यात उत्तर हवं असेल तर 'नाही'. पुढे तिच्यासह सहा श्रेण्यांचं, शिवाय धार्मिकता मोजायच्या प्रश्नावल्यांचं आणि एका प्रायोगिक पद्धतीचं परीक्षण आहे. वाचणारा समुपदेशक, शुश्रूषा केंद्रातला कार्यकर्ता किंवा प्रबंधाला बसलेला विद्यार्थी असेल, असं धरलं आहे.

टेम्पलरपासूनच सुरुवात करू. नऊ विधानांना 'बरोबर' म्हटलं की एकेक गुण, उरलेल्या सहांना 'चूक' म्हटलं की एकेक गुण. बेरीज ० ते १५. मूळ अभ्यासात अंतर्गत सुसंगतता (विधानं एकमेकांशी किती जुळतात, १ म्हणजे पूर्ण) ०.७६ आली, तीन आठवड्यांनी पुन्हा भरून घेतल्यावर सहसंबंध (दोन्ही वेळच्या गुणांचा मेळ) ०.८३. म्हणजे पट्टी डगमगत नाही. खोट विधानांत आहे. एक विधान शस्त्रक्रियेच्या धास्तीबद्दल आहे, एक कर्करोगाबद्दल, एक हृदयविकाराच्या झटक्याबद्दल, एक प्रेत पाहण्याबद्दल आणि एक चक्क तिसऱ्या महायुद्धाचं नाव ऐकून अंगावर काटा येतो का याबद्दल. १९७० साली ते विधान समजण्यासारखं होतं. आज ते मरणाची भीती मोजतं की बातम्या पाहण्याची सवय, हे सांगणं अवघड आहे. पंधरातली पाच अशी गेली. मरणोत्तर जीवनाबद्दल विधान एकच: त्या विषयाने मी फार अस्वस्थ होतो. नरकाला घाबरणारा श्रद्धाळू इथे 'बरोबर' म्हणतो, आणि 'पुढे काहीच नसलं तर?' या शंकेने झोप उडालेला संशयवादीही 'बरोबर' म्हणतो. दोघांनाही एकच गुण. आपल्याला ज्या दोघांतला फरक शोधायचा आहे, तोच इथे बुजतो.

याहून वाईट दोष वारंवारतेचा. 'मरणाचा विचार माझ्या मनात क्वचितच येतो' या विधानाला 'चूक' म्हटलं की चिंतेचा गुण मिळतो. 'आयुष्य किती छोटं आहे, असं माझ्या मनात नेहमी येतं' याला 'बरोबर' म्हटलं की आणखी एक. आता बौद्ध परंपरेतली मरणानुस्सती आठवा: मृत्यूचं नित्य स्मरण ही तिथली साधना आहे. ती मन लावून करणारा भिक्खू या दोन विधानांवर हमखास चिंताग्रस्त ठरतो. रोज मरणाची आठवण ठेवायला सांगणाऱ्या प्रत्येक परंपरेतल्या साधकाचं तेच होतं. विचार येणं आणि धसका घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण पट्टीला ते कळत नाही. पाचपैकी दोन तारे, तेही जुन्या अभ्यासांशी आकडे ताडून पाहता येतात म्हणून.

भाषांतर करणाऱ्यांसाठी एक खड्डा इथेच दाखवून ठेवतो. 'मला मरणाची मुळीच भीती वाटत नाही: बरोबर की चूक?' असं विचारलं की निम्मे लोक वाक्याशी सहमत होण्यासाठी 'नाही' म्हणतात. 'नाही, नाही वाटत.' प्रश्न विचारणारा घाईत 'चूक' वर खूण करतो आणि निर्भय माणूस घाबरट ठरतो. उलट्या गुणांच्या सहाही विधानांना हा धोका आहे, कारण जवळपास सगळी नकारार्थी आहेत. उपाय साधा आहे. तोंडी विचारत असाल तर उत्तर आल्यावर 'म्हणजे भीती वाटते, असं लिहू?' असं पडताळून घ्या. कागदावर असेल तर 'बरोबर/चूक' काढून पाच पायऱ्यांची उत्तरं द्या. मात्र तसं केलंत की जुन्या आकड्यांशी थेट तुलना संपली, हे अहवालात नोंदवा.

कॉलेट-लेस्टर ही यापेक्षा खूपच विचारी श्रेणी. मूळ १९६९ ची, पण वापरायची ती २००३ ची तिसरी आवृत्ती: २८ विधानं, चार गटांत सात-सात, प्रत्येकाला १ ते ५ गुण. चार गट असे: स्वतः मृत असणं, स्वतःचं मरत जाणं, दुसऱ्याचं मृत होणं, दुसऱ्याचं मरत जाणं. ही चौकटच तिची खरी किंमत आहे. श्रद्धा या चारही खोल्यांत सारखा दिवा लावत नाही. पुनर्जन्मावर किंवा स्वर्गावर विश्वास असेल तर पहिल्या खोलीतली भीती कमी व्हायला कारण आहे. शेवटच्या दिवसांतल्या वेदना, बुद्धी मंदावणं, परावलंबन यांवर त्या विश्वासाकडे थेट उत्तर नसतं. आणि आई गेल्यावर तिच्याशी पुन्हा बोलता येणार नाही, ही कळ सगळ्या धर्मांत सारखीच लागते. म्हणून चार गटांची बेरीज करून एकच आकडा देऊ नका. अनेक अहवालांत ती केलेली दिसते आणि मग 'श्रद्धेचा परिणाम दिसला नाही' असा निष्कर्ष निघतो. परिणाम असतो, बेरजेत विरघळलेला असतो.

हिच्या मराठी रूपांतरात मुख्य अडचण एका शब्दाची आहे. इंग्रजीत मेल्यानंतरची अवस्था आणि मरण्याची प्रक्रिया यांना दोन सुटे शब्द आहेत. आपल्याकडे 'मरण' दोन्ही ओझी वाहतं. 'मरणाला भीत नाही' म्हणणारा माणूस बहुधा 'गेल्यावर काय' याबद्दल बोलत असतो, आणि 'मरण वाईट आलं' म्हणणारा खाटेवरच्या हालांबद्दल. 'मृत्यू' शब्द वापरून हा गोंधळ मिटत नाही, फक्त पुस्तकी होतो. प्रत्येक गटाच्या माथ्यावर सरळ वाक्य लिहा: 'खालील सात गोष्टी मेल्यानंतरबद्दल आहेत', 'खालील सात गोष्टी शेवटच्या आजारपणात काय होईल याबद्दल आहेत'. एवढ्याने उत्तरं स्वच्छ येतात. 'चिंता' शब्दही टाळलेला बरा. 'मला माझ्या मरणाची चिंता आहे' म्हटलं की लोक मागे राहणाऱ्यांची, देणी-घेणी नि मुलाबाळांची चिंता ऐकतात. 'भीती वाटते' किंवा 'धास्ती वाटते' हे शब्द नेमके आहेत.

दुसरा दोष श्रेणीतच आहे. पहिल्या गटात एक विधान असं, की यापुढे कधीच विचार करता येणार नाही, काही अनुभवता येणार नाही, याने तुम्ही किती अस्वस्थ होता? हे विधान धरूनच चाललं आहे की मरण म्हणजे पूर्ण शेवट. ज्याला पुढचा जन्म ठरलेला वाटतो तो इथे १ देतो, पण तो १ धैर्याचा नसतो. 'हा प्रश्न मला लागू नाही' असा असतो. तिथे सहावा पर्याय ठेवा, 'असं होतं, हेच मला मान्य नाही', आणि तो वेगळा मोजा. या एका पर्यायातून जी माहिती मिळते ती बाकीच्या सहा विधानांतून मिळत नाही. तारे चार.

होल्टर यांची १९७९ ची बहुआयामी श्रेणी दिसायला भारदस्त: ४२ विधानं, आठ उपश्रेण्या. मरण्याची प्रक्रिया, मृतांची भीती, देह नष्ट होण्याची भीती, जवळच्यांसाठीची भीती, अज्ञाताची भीती, शुद्धीत असताना मृत समजलं जाण्याची भीती, मरणानंतर देहाचं काय होईल ही भीती, अकाली मरणाची भीती. पहिली सूचना: मूळ गुणदान उलटं आहे. आकडा जितका कमी, भीती तितकी जास्त. हे न पाहता सहसंबंधाचं चिन्ह वाचलं तर सगळा निष्कर्ष डोक्यावर उभा राहतो. विश्लेषणाआधी सगळे गुण उलटवून घ्या आणि तसं लिहून ठेवा.

पण संस्कृती ओलांडली की ही श्रेणी ज्या पद्धतीने फसते, ती शिकण्यासारखी आहे. देह नष्ट होण्याच्या उपश्रेणीत दहनाची कल्पना आवडत नाही, असं एक विधान आहे. मुसलमान आणि सनातनी ज्यू उत्तर देणार 'सहमत', कारण त्यांच्या धर्मात दहन निषिद्ध आहे. हिंदू उत्तर देणार 'असहमत', कारण त्याच्या दृष्टीने तोच रिवाज आहे. दोघांच्याही उत्तरात भीतीचा लवलेश नाही. दोघांनी आपापला शास्त्रार्थ सांगितला. मरणानंतरच्या देहाबद्दलच्या उपश्रेणीत शवपेटीत बंद होण्याच्या विचाराने भीती वाटते का, असं विचारलं आहे. जिथे शवपेटीच वापरत नाहीत तिथे हे विधान निव्वळ कल्पनाविलास ठरतं. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आपल्या देहावर अभ्यास करू नये, नेत्रदान नको, ही विधानं देहदानाबद्दलची मतं मोजतात. मग एका गटाची सरासरी दुसऱ्यापेक्षा जास्त आली की लेखक लिहितात, 'या धर्माचे लोक जास्त भितात'. खरं तर त्यांनी अंत्यविधींमधला फरक मोजलेला असतो.

अज्ञाताच्या उपश्रेणीत वेगळीच गंमत. मरणोत्तर जीवन नसेल अशी भीती वाटते, परमेश्वर नसेल अशी भीती वाटते, अशा धर्तीची विधानं तिथे आहेत. नास्तिकाला परमेश्वर नसण्याची भीती का वाटावी? त्याच्या लेखी ते केव्हाच ठरलेलं आहे. पक्क्या श्रद्धावंतालाही वाटत नाही. या विधानांवर वरचे गुण मिळवतो तो मधला, डळमळता माणूस. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. होल्टर पूर्ण वापरू नका. मरण्याची प्रक्रिया, जवळच्यांसाठीची भीती आणि अकाली मरण या तीन उपश्रेण्या उचला, बाकी सोडा.

आता वाँग, रेकर आणि गेसर यांची १९९४ ची सुधारित मृत्युदृष्टी श्रेणी. श्रद्धेच्या अभ्यासात हिची लोकप्रियता मोठी आणि तिची फसवणूकही सगळ्यांत देखणी. ३२ विधानं, सात पायऱ्या, पाच उपश्रेण्या: भीती ७, टाळाटाळ ५, तटस्थ स्वीकार ५, ओढीचा स्वीकार १०, सुटकेचा स्वीकार ५. प्रत्येक उपश्रेणीची बेरीज तिच्या विधानांच्या संख्येने भागायची, म्हणजे गुण १ ते ७ मध्ये येतात. भीती आणि टाळाटाळ वेगळी काढणं ही तिची मोठी कामगिरी. 'मला भीती वाटत नाही' असं म्हणणाऱ्यांत खरोखर न भिणारे किती आणि विषयच काढू न देणारे किती, हे फक्त हीच श्रेणी सांगते.

फसवणूक 'ओढीच्या स्वीकारा'त आहे. मेल्यावर मी स्वर्गात जाईन, मरण म्हणजे ईश्वराशी मीलन, गेलेली माणसं पुन्हा भेटतील, परलोकावरच्या विश्वासाने मला धीर येतो: विधानं या थाटाची. ही मरणाबद्दलची वृत्ती आहे की धर्मश्रद्धेची कबुली? एका हाताने ही दहा विधानं भरून घ्यायची, दुसऱ्या हाताने धार्मिकतेची प्रश्नावली भरून घ्यायची आणि मग 'धार्मिक लोक मरण जास्त सहज स्वीकारतात, सहसंबंध घसघशीत आहे' असं जाहीर करायचं, हा निकाल नव्हे. एकच गोष्ट दोनदा विचारली आहे. या उपश्रेणीचा धार्मिकतेशी सहसंबंध शोध म्हणून कधीही मांडू नये.

शिवाय ही विधानं ज्या धर्माच्या घडणीतून आली आहेत तो ख्रिस्ती धर्म आहे, आणि ते जागोजाग दिसतं. हिंदू विचारात स्वर्ग हा मुक्काम आहे, पुण्य सरलं की परत खाली यायचं. शेवटचं ध्येय मोक्ष. पुनर्जन्म मानणाऱ्याला 'गेलेली माणसं पुन्हा भेटतील' हे पटेलच असं नाही, ती कुठे, कोणत्या जन्मात असतील कोणास ठाऊक. थेरवादी बौद्धाला ईश्वराशी मीलन हे वाक्यच परकं. हे लोक इथे कमी गुण घेतात म्हणून ते मरण कमी स्वीकारतात, असं म्हणणं म्हणजे हिंदी माध्यमाच्या मुलाला फ्रेंचच्या पेपरात नापास करून मंदबुद्धी ठरवण्यासारखं आहे. शब्द बदलून 'स्वर्ग'च्या जागी 'मोक्ष' घातला तरी प्रश्न सुटत नाही. मोक्षात 'मी' उरत नाही, ओढ कोणाला लागणार यावरच दर्शनांचे वाद आहेत.

तटस्थ स्वीकाराची अडचण साधी. 'मरण हा जीवनाचा नैसर्गिक भाग आहे' याला कोण नाही म्हणेल? जन्माला आला तो जाणारच, हे आपण रोज म्हणतो, तिरडी बांधताना म्हणतो आणि चहा पितानाही म्हणतो. सगळे ६-७ गुण देतात, फरकच उरत नाही. सुटकेच्या स्वीकाराबाबत मात्र गंभीर सूचना आहे. मरणाने माझे सगळे त्रास संपतील, या धर्तीच्या पाच विधानांवर जो वरचे गुण घेतो, त्याच्याकडे श्रद्धेने शांत झालेला म्हणून पाहू नका. 'सुटेन एकदाचा' हे वाक्य दीर्घ आजारातून येतं, एकटेपणातून येतं, नैराश्यातून येतं. कागद गोळा केल्या दिवशीच ही पाच विधानं पाहा, सरासरी ५ च्या वर असेल तर प्रशिक्षित माणसाने त्या व्यक्तीशी त्याच दिवशी बोलावं. आकडेमोड नंतर.

एकूण ताऱ्यांत साडेतीन. पहिल्या दोन उपश्रेण्या सुट्या घेतल्या तर साडेचार.

फ्लोरियन आणि क्रावेट्झ यांची १९८३ ची श्रेणी इस्राएलमध्ये तयार झाली: ३१ विधानं, सहा घटक. तिचं वेगळेपण असं की ती 'किती भिता' यापेक्षा 'कशाला भिता' विचारते. आयुष्य अपुरं राहील म्हणून, 'मी' नाहीसा होईन म्हणून, लोक विसरतील म्हणून, घरच्यांचं काय होईल म्हणून, पलीकडे काय आहे ठाऊक नाही म्हणून, की शिक्षा होईल म्हणून. श्रद्धेच्या अभ्यासाला हीच विभागणी हवी, कारण श्रद्धा बहुतेक वेळा भीती पुसत नाही, ती एका कारणावरून दुसऱ्या कारणावर सरकवते. 'नाहीसा होईन' ही भीती गेली की 'हिशोब द्यावा लागेल' ही भीती आत येऊ शकते. एकच श्रेणी निवडायची असेल तर आमचं मत हिच्या बाजूने.

अब्देल-खालेक यांची २००४ ची अरबी मृत्युचिंता श्रेणी, २० विधानांची, एवढ्यासाठी उल्लेखनीय की ती भाषांतरातून न येता त्या भाषेतच जन्मली. कबरीतल्या यातनांची भीती, कबरस्तानाची भीती अशा गोष्टी तिच्यात आहेत, ज्या पाश्चात्त्य श्रेण्यांना सुचल्याच नव्हत्या. मुस्लिम समाजात तिची साथ चांगली. बाहेर न्यायची नाही. तिच्यामुळे आणखी एक गोष्ट कळते. इस्लाममध्ये ईश्वराचं भय, खौफ, आणि त्याच्या कृपेची आशा, रजा, या दोन्ही श्रद्धेच्याच बाजू आहेत. न्यायाच्या दिवसाला मी मुळीच भीत नाही, असं म्हणणं तिथे शौर्य नसून उर्मटपणा ठरतो. मलेशिया, तुर्कस्तान आणि अमेरिका या तीन देशांची तुलना करणाऱ्या २०१३ च्या अभ्यासात तिन्हीकडे जास्त धार्मिक माणसं मरणाची भीती जास्त सांगताना आढळली, आणि मुस्लिमांत ती सर्वांत अधिक होती. यावरून 'श्रद्धेने भीती वाढते' असं लगेच म्हणू नका. जिथे भय हाच भक्तीचा भाग आहे, तिथे भय सांगणं म्हणजे भक्ती सांगणं.

याच्या उलट टोकाला तिबेटी भिक्खूंचा अभ्यास आहे, २०१८ साली प्रसिद्ध झालेला. 'मी' नावाची कायम वस्तू नाही, हे ज्यांनी आयुष्यभर घोकलं, ते मरणाला सर्वांत कमी भितील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात 'मी नाहीसा होईन' ही भीती त्यांनी हिंदू, अमेरिकी ख्रिस्ती आणि इतर तुलना-गटांपेक्षा जास्त नोंदवली, आणि स्वतःचं थोडं आयुष्य सोडून दुसऱ्याला जास्त आयुष्य द्यायची तयारीही त्यांच्यात कमी दिसली. असं का, याचं सर्वमान्य उत्तर नाही. पण एकट्या टेम्पलरवर हा अभ्यास केला असता तर ही गोष्ट दिसलीच नसती. नाहीसं होण्याबद्दल वेगळं विचारलं म्हणून दिसली.

धार्मिकतेच्या बाजूच्या पट्ट्यांवर कमी लिहितो, कारण तिथे निवड सोपी आहे. ऑलपोर्ट-रॉस यांची १९६७ ची श्रेणी आंतरिक आणि बाह्य धार्मिकता वेगळी करते. तिचं १४ विधानांचं १९८९ चं सुधारित रूप वापरायला सुटसुटीत. आंतरिक म्हणजे धर्म हेच जगण्याचं कारण, बाह्य म्हणजे धर्मातून मिळणारा दिलासा, ओळखीपाळखी, आधार. या विभागणीतून हाती येणारं चित्र बऱ्यापैकी स्थिर आहे: आंतरिक धार्मिकतेबरोबर मरणाची भीती कमी, बाह्य धार्मिकतेबरोबर जास्त. मात्र कारण-कार्य उलटंही असू शकतं. 'संकटात दिलासा मिळतो म्हणून धर्म' याला 'हो' म्हणणारा आधीच घाबरलेला असेल, म्हणूनच दिलाशाकडे गेला असेल. दुसरं, मनातला भाव खरा आणि चारचौघांतलं आचरण दुय्यम, ही धारणाच मुळात प्रोटेस्टंट वळणाची आहे. जिथे पंगत, वारी, सामुदायिक प्रार्थना हाच धर्म आहे तिथे 'लोक भेटतात म्हणून जातो' या उत्तराला उथळ म्हणता येत नाही. अनेक धर्मांत काम असेल तर हुबर यांची केंद्रितता श्रेणी (माणसाच्या आयुष्यात धर्म किती केंद्रस्थानी आहे, हे मोजणारी) घ्या. एकाहून अधिक देव मानणाऱ्यांसाठी आणि ध्यानमार्गीयांसाठी तिच्यात आंतरधर्मीय आवृत्त्या आहेत, ७, १४ आणि २० प्रश्नांच्या. सात प्रश्नांची आवृत्ती बहुतेक कामाला पुरते.

आता त्या डळमळत्या माणसाकडे परत. १९६१ ते २०१४ या काळातले शंभर अभ्यास, सुमारे २६,००० माणसं, यांचा एकत्र आढावा जोनाथन जोंग आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये घेतला. निम्म्याहून जास्त ठिकाणी धार्मिकता आणि मृत्युभीती यांत काहीच संबंध सापडला नाही. ३० टक्के ठिकाणी श्रद्धाळू कमी भिणारे, १८ टक्के ठिकाणी जास्त भिणारे. एकत्रित परिणाम क्षीण. सर्वांत कामाची गोष्ट पुढे आहे: ज्या ११ अभ्यासांत ते नीट तपासता येत होतं, त्यांतल्या १० मध्ये आलेख सरळ रेषेचा नसून उलट्या वाडग्यासारखा निघाला. पक्के नास्तिक कमी भिणारे, पक्के श्रद्धावंत कमी भिणारे, मधले सर्वांत जास्त.

खरेदीदाराला याचा थेट उपयोग आहे. तुमच्या नमुन्यात फक्त मठातली, आश्रमातली, नियमित उपासना करणारी माणसं असतील तर तुम्हाला वाडग्याची उतरती बाजूच दिसेल: श्रद्धा वाढली, भीती कमी झाली. नमुना निधर्मी महाविद्यालयातला असेल, जिथे नास्तिकापासून सणावारापुरत्या धार्मिकापर्यंतच माणसं आहेत, तर चढती बाजू दिसेल: श्रद्धा वाढली, भीती वाढली. आणि सगळे मिसळले तर शून्य. तीन संशोधक, तीन निष्कर्ष, तिघेही प्रामाणिक. शिवाय त्या शंभरांतले बहुतेक अभ्यास अमेरिकेतले होते, म्हणजे एकाच वाडग्यात पुन्हा पुन्हा डाव घातला गेला.

म्हणून नमुन्यात किमान एक चतुर्थांश तरी स्वतःला नास्तिक म्हणवणारे मिळवा, तेवढेच पक्के उपासक. धार्मिकतेच्या गुणांतून सरासरी वजा करा, त्या फरकाचा वर्ग करा, आणि समाश्रयणात (धार्मिकतेवरून भीतीचा अंदाज बांधणाऱ्या समीकरणात) मूळ फरक व वर्ग ही दोन्ही पदं घाला. वर्गपद ऋण आणि भक्कम आलं तर वाडगा आहे. वय आणि लिंग नियंत्रित करायला विसरू नका: अनेक नमुन्यांत स्त्रिया धार्मिकताही जास्त नोंदवतात आणि भीतीही जास्त कबूल करतात, त्यामुळे नसलेला संबंध उभा राहतो. दोन भाषांत काम असेल तर सरासऱ्यांची तुलना करण्याआधी मापनसमता, म्हणजे दोन्ही भाषांत विधानं एकच गोष्ट एकाच मापाने मोजतात का, हे तपासा. ती शेवटच्या पायरीपर्यंत टिकली नाही तर 'यांची सरासरी त्यांच्यापेक्षा जास्त' हे वाक्य लिहायचा हक्क नाही, फक्त प्रत्येक गटातला आतला संबंध सांगा.

प्रश्नावली सोडून प्रयोगाची वाट हवी असणाऱ्यांसाठी मृत्युस्मरणाची पद्धत आहे, १९८६ पासून विकसित झालेल्या भयव्यवस्थापन सिद्धांतातली. मरणाची आठवण झाली की माणूस आपल्या श्रद्धा-संस्कृतीला जास्त घट्ट धरतो, असं तो सिद्धांत सांगतो. एका गटाला स्वतःच्या मरणाच्या विचाराने काय वाटतं आणि मरताना व मेल्यावर देहाचं काय होईल, असे दोन मुक्त प्रश्न. दुसऱ्या गटाला तेच दातदुखीबद्दल. मग काही मिनिटं लक्ष दुसरीकडे वळवणारं काम, मग खरं मोजमाप. विचार मनाच्या तळाशी किती आहे हे पाहायला गाळलेल्या अक्षरांचे शब्द देतात. इंग्रजीतले शब्द उचलून चालत नाही, आपले घडवावे लागतात. 'प्रे_' छान चालतो: कोणी 'प्रेम' लिहील, कोणी 'प्रेत'. 'क_र' मध्ये 'कमर' की 'कबर'. पण 'तिर_ी' दिलात तर वेलांटी लोंबकळत राहते, छापताना पुढेमागे सरकते आणि लोक 'तिरकी' की 'तिरडी' यापेक्षा छपाईची चूक म्हणून सोडून देतात. गाळायचं अक्षर मात्रा नसलेलं हवं. पद्धत चतुर आहे, पण भरवसा बेताचा: २१ प्रयोगशाळांनी मिळून २,००० हून जास्त माणसांवर मूळ परिणाम पुन्हा मिळवायचा प्रयत्न केला, २०२२ मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि परिणाम मिळाला नाही. छोट्या प्रबंधासाठी यावर वर्ष घालवू नका.

शेवटी संच कसा लावायचा ते. फ्लोरियन-क्रावेट्झ पूर्ण, मृत्युदृष्टी श्रेणीतली टाळाटाळीची पाच विधानं, आणि सात प्रश्नांची केंद्रितता श्रेणी; मिळून ४३ प्रश्न, साधारण पंधरा मिनिटं. दोघांकडून स्वतंत्र भाषांतर, तिसऱ्याकडून उलट भाषांतर (मराठीतून परत मूळ भाषेत), मग आठ-दहा जणांना प्रत्येक विधान वाचायला देऊन 'यातून तुम्हाला काय समजलं?' असं विचारा. तिसांवर चाचणी, मगच मुख्य काम. धर्माचे प्रश्न नेहमी मरणाच्या प्रश्नांनंतर. आधी विचारलेत तर माणूस श्रद्धावंताच्या भूमिकेत शिरतो आणि श्रद्धावंताने काय म्हणायला हवं तेच पुढे लिहितो. भरून घेताना घरातली माणसं शेजारी नकोत, विचारणाऱ्याच्या अंगावर कोणत्याही धर्माची खूण नको, प्रत्येक प्रश्न सोडून द्यायची मुभा हवी. वाचता न येणाऱ्यांना प्रश्न वाचून दाखवा, पण उत्तराचं कार्ड त्यांच्याच हातात द्या, बोट ठेवतील तो आकडा घ्या. 'भीती वाटते' हे मोठ्याने म्हणायला लागलं की निम्मी भीती कागदावर येत नाही. आणि शेवटचा प्रश्न शिक्षेचा किंवा नाहीसं होण्याचा ठेवू नका. त्या जागी वय, शिक्षण, घरात किती माणसं असे साधे प्रश्न घाला, म्हणजे माणूस कागद परत देताना रोजच्या जगात आलेला असतो.